चित्र एक, आवाज एक

चित्र एक. आवाज एक.

काळ्या खिडकीत पांढऱ्या अक्षरांत एवढंच उमटलं. कायोंडोने तीच कमांड पुन्हा दिली, बटणं जरा जोरात दाबून, जणू यंत्राला पहिल्यांदा नीट ऐकू आलं नसावं. चित्र एक, आवाज एक. आवाजाच्या वाहिन्या सहा. फाइल धडधाकट होती. नावामागची शेपूट बरोबर, लांबी बरोबर, कुठे फाटलेलं-तुटलेलं नाही. दोष काढायला जागा नव्हती. फक्त शेवटची ओळ नव्हती. जिथे दुसरा आवाज यायला हवा होता, एकाच वाहिनीचा, माणसाच्या तोंडाचा, तिथे पांढरी खूण नुसती उघडझाप करत उभी होती. पुढची आज्ञा काय, असं विचारत.

काउंटरपलीकडे चपातीवाली नाबुकीरा आपली पेन ड्राइव्ह पुढे धरून केव्हाची उभी होती. तिला तिच्या मालिकेचे राहिलेले भाग हवे होते. ती म्हणाली, "काय रे, भूत बघितलंस का? आधी माझी मालिका भर, मग खुशाल मर." तो हसला. आपण हसलो याचं त्याला मागाहून आश्चर्य वाटलं. बोटं आपोआप चालली, मालिका भरली गेली, नाबुकीरा गेली, न्देबाच्या रस्त्यावरचे भाड्याच्या मोटारसायकली हाकणारे बोडावाले एकमेकांच्या आयांवरून भांडत राहिले, आणि दुकानाच्या आत, पंख्याखाली, एक ओळ नव्हती ती नव्हतीच.

ती ओळ म्हणजे सालोंगो बुकेन्या. जुळ्यांचा बाप म्हणून सालोंगो. सगळ्या कंपालाला मात्र तो ठाऊक होता चित्रपटांवर बोलणारा म्हणून. परदेशी चित्रपट किबांड्यात लागायचा, पत्र्याच्या त्या अंधाऱ्या खोलीत बाकांवर माणसं दाटून बसायची, आणि पडद्यावरचे चिनी, अमेरिकन, भारतीय लोक तोंडं हलवायचे तेव्हा आवाज सालोंगोचा यायचा. तो नुसतं भाषांतर करायचा नाही. पडद्यावरचा राजा दोन शब्द बोलला की सालोंगो त्याच्या तोंडी नातेतेच्या बाजारातली अख्खी भानगड घालायचा. खलनायकाला घरमालकाचं नाव द्यायचा. नायिका रडली की म्हणायचा, रडू नकोस बाई, हा मेला तर पुढच्या चित्रपटात जिवंत होतो, मी बघितलाय. लोक चित्रपट विसरायचे, वाक्यं घरी न्यायचे. आता त्याच्या गळ्यात भोक आहे. गेल्या वर्षी डॉक्टरांनी गाठ काढली आणि गाठीबरोबर आवाजाची पेटीही काढली. राहिलेत ते ओठ.

आणि राहिली होती ती कायोंडोकडची डिस्क, सालोंगोच्या मूळ फाइलींची.

कालच सालोंगोचा निरोप आला होता. त्याच्या धाकटीचं, जुळ्यांच्या पाठीवरच्या किझ्झाचं, क्वांजुला ठरलंय, मागणीचा समारंभ. मुलाकडचे लोक टोपल्या घेऊन अंगणात येतील, दोन्हीकडचे बोलके पुरुष मांडवात शब्दांची कुस्ती खेळतील, आणि मग मुलीचा बाप चार शब्द बोलतो, अशी रीत आहे. सालोंगोला दुसऱ्या कोणाच्या तोंडून बोलायचं नव्हतं. त्याला त्या जुन्या चिनी चित्रपटातला तुकडा हवा होता. देवळाच्या पायऱ्यांवर एक म्हातारा बाप मुलीला निरोप देतो. मूळ बाप जेमतेम तीन शब्द बोलतो. सालोंगोने तिथे किझ्झाचं नाव घेऊन अख्खं भाषण ठोकलं होतं. किझ्झा तेव्हा गुडघ्याएवढी होती आणि आवाजाच्या मिक्सरच्या टेबलाखाली बसून भाजलेले शेंगदाणे खात होती. बाजारात गेलेल्या प्रतींत ते भाषण कधी गेलंच नाही. किबांड्याच्या मालकाने पहिल्याच खेळानंतर कुरकुर केली होती की लोक मारामारी बघायला येतात, तुझ्या पोरीच्या लग्नाला नाही. म्हणून विक्रीसाठी सालोंगोने तो तुकडा पुन्हा, आटोपशीर बोलून दिला. लांब भाषण फक्त मूळ फाइलीत राहिलं, चित्राशेजारी, चित्रपटाच्या आवाजाशेजारी, वेगळा प्रवाह म्हणून.

म्हणजे राहिलं होतं.

निरोप येण्याआधीच कधीतरी डिस्क भरली होती. नवीन मालिकांना जागा नव्हती. मूळ फाइली अवजड, जुन्या पद्धतीच्या, जागा खाणाऱ्या. कायोंडोने एका ओळीची कमांड लिहिली: या फोल्डरातली प्रत्येक फाइल घे, नव्या डब्यात हलकी करून ठेव, झालं की जुनी पूस. त्याआधी पहिल्या काही फाइली त्याने तपासल्या होत्या. चित्र एक, आवाज एक. बरोबरच होतं, कारण त्या मिक्सर येण्याआधीच्या होत्या. तेव्हा सालोंगो चित्रपटाच्या आवाजावरच बोलून टाकायचा, दोन्ही एकजीव. मिक्सर आल्यापासून मात्र दोन आवाज वेगळे ठेवायची पद्धत पडली. आणि कमांडला बजावून सांगितलं नाही तर ती अनेक आवाजांतला एकच उचलते, उचलताना सर्वांत जास्त वाहिन्यांचा उचलते. तलवारींच्या खणखणाटाला सहा वाहिन्या होत्या. सालोंगोच्या तोंडाला एक.

हे कायोंडोला माहीत नव्हतं असं नाही. हेच तर टोचत होतं. कोणी अडाण्याने केलं असतं तर त्याला हात जोडून माफ करता आलं असतं. हे त्याला शिकवलं होतं सालोंगोनेच, मिक्सर आला त्या आठवड्यात, केळीच्या पानात शिजवलेल्या कोंबडीच्या लुवोंबोचं बोट चाटता चाटता: फाइलीला नाव विचारू नकोस, नाव काय, बायकोच्या माहेरचेही वेगळं सांगतात, पोटात काय आहे ते विचार. आणि कायोंडो विचारायचा. दिवसभर तेच करायचा. कोणी काहीही आणून द्यायचं, शेपूट एकीची, अंग दुसरीचं, कधी शेपूटच नाही, आणि तो काळी खिडकी उघडून पोटातलं वाचून दाखवायचा. गिऱ्हाईक म्हणायचं, डॉक्टर आहेस. मग त्या दिवशी का नाही विचारलं? घाई होती. वीज जाणार होती. उकडत होतं. ही कारणं तो एकामागून एक स्वतःपुढे मांडत गेला, आणि प्रत्येक कारण खरं होतं, आणि कारणांच्या तळाशी काहीतरी होतं जे त्याने नीट बघितलं नाही. पायाखाली मऊ काही आलं की माणूस खाली न बघता पाय उचलतो तसं.

त्याने बाकीच्या फाइली बघायला घेतल्या. भुताचा चित्रपट: चित्र एक, आवाज एक. समुद्री चाच्यांचा: चित्र एक, आवाज एक. सालोंगोने ज्यात वकिलाला गायीचं नाव दिलं होतं तो: चित्र एक. आवाज एक. दर खेपेला तो जरा आशेने बटण दाबायचा आणि दर खेपेला पांढरी अक्षरं शांतपणे तेच सांगायची. यंत्र दोष देत नव्हतं. जे होतं ते मोजत होतं. जे नव्हतं त्याची त्याला खबरही नव्हती.

सालोंगोचा आवाज गेल्यावर सगळे म्हणाले होते, आता कायोंडो बोलेल. इतकी वर्षं शेजारी बसलाय, लकबी सगळ्या उचलल्यात. खरंच उचलल्या होत्या. सालोंगो थुंकी गिळायचा तिथे तो थुंकी गिळायचा. पहिल्या चित्रपटाला किबांडा भरला होता, आणि कायोंडो माइकसमोर बसून बोलू लागला, आणि सुरुवातीला लोक हसलेही. मग मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं, हा तर पोपट आहे, पिंजऱ्याचा मालक कुठाय? सगळा किबांडा हसला. तसं हसू सालोंगोच्या वाक्यालासुद्धा कधी मिळालं नव्हतं. कायोंडोने चित्रपट संपवला. घरी जाऊन जेवला. त्यानंतर माइकला शिवला नाही, फाइली भरून देण्याचं दुकान टाकलं, आणि कुठल्याही फाइलीत सालोंगोचा आवाज लागला की व्हॉल्यूम थोडा खाली करायची त्याला सवय लागली. थोडाच. गिऱ्हाइकांशी बोलता यावं म्हणून.

ती कमांड लिहिताना त्याने काय विचार केला होता? त्याला आठवेना. बटण दाबलं एवढं आठवत होतं. दाबल्यावर बरं वाटलं होतं, डिस्कवर केवढी जागा झाली होती. ते बरं वाटणं जागेचंच होतं ना?

*

नातेतेला, सालोंगोच्या घरी, तो सांगायलाच गेला. बोडावर मागे बसून वाक्य घोळवत गेला. सालोंगो, एक चूक झाली. नाही: सालोंगो, माझ्या हातून. नाही: फाइल बिघडली. फाइल बिघडली हे बोलायला सोपं होतं, आणि ते मनात येताच त्याला बोडावरून उतरावंसं वाटलं, कारण फाइल बिघडली नव्हती, फाइल उत्तम होती.

सालोंगो व्हरांड्यात बसला होता, गळ्याला पातळ पांढरं फडकं. कायोंडो गुडघे टेकून नमस्काराला वाकला तसे त्याचे ओठ हलू लागले. पूर्वीच्याच वेगाने, भुवया वर, मान तिरकी, हात हवेत. फक्त फडक्यामागून हवेचा फुसफुसाट येत होता. आणि आतून मटोकेची हिरवी केळी सोलता सोलता त्याची बायको नालोंगो त्याच्या ओठांकडे बघून बोलू लागली. घरात आता असंच चालायचं. तो ओठ हलवायचा, ती आवाज द्यायची.

"म्हणतोय, आलास का चोरा," ती म्हणाली. "मी नाही म्हणत, तो म्हणतोय. मी म्हणते, बस, चहा घे."

कायोंडो बसला. चहा आला, आल्याचा, जास्त गोड. लग्नघरात असतं तसं सगळीकडे अर्धवट काही ना काही पडलं होतं: शिंप्याकडून आलेले बायकांचे गोमेसी झगे, उलट्या ठेवलेल्या खुर्च्या, मांडवाच्या दोऱ्या. किझ्झा विहिणीकडच्यांची यादी कोणाला तरी फोनवर वाचून दाखवत आत-बाहेर करत होती. जाता जाता तिने कायोंडोच्या डोक्यावर टपली मारली, लहानपणी मारायची तशी. तिने विचारलं की बाबांचं भाषण मोठं आहे का, कारण आत्या म्हणते तेवढा वेळ गुडघ्यांवर बसावं लागेल. कायोंडो म्हणाला, फार मोठं नाही. हे आपण का म्हणालो? वाक्य तोंडातून गेलं होतं, जागच्या जागी एक माप ठरवून.

"सालोंगो," तो म्हणाला, "त्या फाइलीचं जरा—"

सालोंगोने हात वर केला. ओठ हलू लागले. बराच वेळ हलत राहिले. मध्येच तो हसला, मध्येच त्याने छातीवर बोट ठेवलं, मध्येच कायोंडोकडे. नालोंगोने सोललेलं केळं पातेल्यात टाकलं.

"म्हणतोय, माहीत आहे."

कायोंडोच्या हातातला कप बशीवर टेकला.

"माहीत आहे, तुला वेळ नसतो. तरी तू शोधशील. तुझ्याकडे काही हरवत नाही," नालोंगो म्हणाली. मग कायोंडोकडे बघून: "तो पुष्कळ बोलला, मी थोडक्यात सांगितलं. जन्मभर यानं तीन शब्दांचे तीनशे केले, आता मी फिट्टंफाट करतेय."

सालोंगो हसला. हसण्याला आवाज नसला की माणूस हसतोय की गुदमरतोय ते क्षणभर कळत नाही. कायोंडोही हसला. आता सांग, त्याने स्वतःला म्हटलं. आत्ता. ओठ उघड. पण सांगायचं तर ते सालोंगोला सांगायचं, आणि सालोंगोचं उत्तर नालोंगोच्या तोंडून येणार, केळं सोलता सोलता, थोडक्यात. त्या पूर्वीच्या आवाजात शिवी आली असती तर त्याने ती अंगावर घेतली असती. ती शिवी देणारा आवाजच त्याने पुसला होता. त्याने चहा संपवला. म्हणाला, मांडवात मीच मशीन लावतो, तुम्ही काही बघू नका, तिथेच ऐका. सालोंगोने त्याचा हात दोन्ही हातांत धरला.

तो हात त्याला दुकानापर्यंत जड लागला.

*

शोधलं नाही असं नाही. जुने किबांडे बंद झाले होते, एकात आता प्रार्थना चालायची, एकात कोंबड्यांचं खाद्य विकायचे. खाद्य विकणाऱ्या म्हाताऱ्या मालकाकडे सीडीच्या चकत्यांचं खोकं निघालं. त्यातल्या बऱ्याच चकत्यांचं मशीनला काही कळेचना, आणि एकीवर तो चित्रपट होता, सालोंगोच्या आवाजात, चोख. कायोंडोने पायऱ्यांचा प्रसंग लावला. म्हातारा बाप, डोंगर, धुकं. सालोंगो म्हणाला: "जा पोरी, आणि नवरा मारकुटा निघाला तर तलवार सोबत ठेव." लगेच मारामारी. विक्रीची प्रत. त्याने तो तुकडा पुन्हा पुन्हा ऐकला. आवाज तर होता. भाषण नव्हतं. आवाज मिळावा म्हणून आलो होतो की भाषण मिळावं म्हणून, हे त्याला तिथे, कोंबड्यांच्या खाद्याच्या वासात, सांगता आलं नसतं.

भाषण त्याच्याकडे होतं. म्हणजे डोक्यात. तो त्या दिवशी सालोंगोच्या शेजारीच बसला होता, मिक्सरवरच्या आवाजाच्या काट्यावर डोळा ठेवून. दुपारी दुकानाची फळी लावून घेतली, पंखा बंद केला, गोधडी भिंतीला टांगली, माइक काढला. पुष्कळ दिवसांनी तोंडासमोर माइक आला तशी त्याला शरम वाटली की या घटकेलाही आपल्याला भीती वाटते ती पोपट म्हणवून घेण्याची.

जा, किझ्झा. दार उघडंच ठेवलंय.
त्यांच्या घरी मीठ कमी पडलं तर मागायला लाजू नकोस.
शब्द कमी पडले तर माझ्याकडून ने, माझ्याकडे पोतंभर आहेत.
(इथे थुंकी गिळायची.)
तुझा नवरा माझ्यापेक्षा कमी बोलेल, ही देवाची कृपा समज.
आईसारखी ऐकत जा आणि आईसारखंच ऐकलं नाही असं दाखवत जा.
जा. मागे वळून बघितलंस तरी चालेल, कोण काय म्हणेल ते मी बघतो.

आणि मग? मग पडद्यावर पायऱ्या संपल्या होत्या, तलवारी सुरू झाल्या होत्या आणि सालोंगो थांबला नव्हता. मारामारीवरही तो मुलीशीच बोलत राहिला होता. बराच वेळ. टेबलाखाली वाकून. काय बोलत होता? कायोंडोने डोळे मिटले. त्याला काटा दिसत होता, लाल पट्ट्यात जाऊन परत येणारा. शेंगदाण्यांची टरफलं दिसत होती. आणि आठवत होतं ते सालोंगोचं बोलणं नव्हे, स्वतःचा विचार: हा थांबत का नाही, मला केव्हा बोलायला मिळणार? तो विचार शब्दन्‌शब्द आठवत होता.

त्याने भाषण तलवारींच्या आधी संपवलं. 'फार मोठं नाही' असं म्हणून ठेवलंच होतं. थोडी खरखर मिसळली, जुन्या माइकची असायची तशी. दोन्ही आवाज एका डब्यात बांधले, आणि सवयीने काळी खिडकी उघडून विचारलं.

चित्र एक. आवाज एक, वाहिन्या सहा. आवाज दोन, वाहिनी एक.

शेवटची ओळ परत आली होती. जागच्या जागी, जशी होती तशी. आवाज कोणाचा, हे कमांड सांगत नाही. तिला कोणी तसं विचारलेलं नसतं. कायोंडो त्या ओळीकडे बघत राहिला आणि त्याला वाटलं की जगातल्या सगळ्या यंत्रांनी आता आपल्या बाजूने साक्ष दिली आहे, आणि म्हणूनच कुठे तोंड दाखवायला जागा नाही.

*

मांडवात गर्दी होती. दोन्हीकडचे बोलके आपसांत भिडून दमले होते. मुलाकडच्याने विचारलं होतं की फुलाचा वास तर आला, फूल कुठे लपवलंय, आणि मुलीकडच्याने उत्तर दिलं होतं की नाक चांगलं आहे, खिसा कसा आहे ते बघू. टोपल्या आत गेल्या. मग किझ्झा आली, आत्याच्या मागून, पिवळ्या गोमेसीत, आणि बापासमोर चटईवर गुडघे टेकून बसली. सालोंगो कांझूचा लांब झगा घालून खुर्चीत ताठ बसला होता. गळ्याला नवं फडकं होतं. नालोंगो बायकांच्या मांडवात, पार पलीकडे. मुलीकडचा बोलका म्हणाला की आता बाप बोलेल, आणि सगळे गप्प झाले, कारण बापाला आवाज उरला नाही हे सगळ्यांना माहीत होतं.

कायोंडोने बटण दाबलं. पडद्यावर धुकं, पायऱ्या, म्हातारा. आणि कर्ण्यांतून:

"जा, किझ्झा. दार उघडंच ठेवलंय."

मांडवातून जे उठलं ते हसू नव्हतं, रडू नव्हतं. माणसं एकदम श्वास आत घेतात तसं काही. माना वळल्या, सगळ्या कर्ण्यांकडे. आवाज येतो तिकडे माणूस बघतो. कोणी म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला, "तोच. अगदी तोच. ऐक, थुंकी गिळतोय ऐक." मिठाच्या वाक्याला लोक हसले, पोतंभर शब्दांना बायकांनी डोळे पुसत आरोळी दिली. आणि कायोंडोला, मशीनच्या मागे, घाम फुटलेल्या कायोंडोला, आनंद झाला. तो कुठून आला ते कळायच्या आत अंगभर पसरला. पोपट म्हणणारं कोणी नव्हतं. पिंजऱ्याचा मालक समोर बसला होता आणि किबांडा भरला होता आणि लोक कायोंडोच्या बोलण्यावर हसत होते, रडत होते. मग त्याने सालोंगोकडे बघितलं.

सालोंगोचे ओठ हलत होते. कर्ण्याबरोबर, शब्दाला शब्द, मुलीकडे बघत. मीठ. लाजू नकोस. आईसारखी ऐकत जा. एवढ्या वर्षांपूर्वीचं, त्याला सगळं पाठ होतं. मागे वळून बघितलंस तरी चालेल, कोण काय म्हणेल ते मी बघतो. कर्णा थांबला. पडदा काळा झाला. टाळ्या पडल्या, ढोल सुरू झाला, मुलाकडचे उठून नाचू लागले.

ओठ थांबले नाहीत.

पुढे काहीतरी होतं. सालोंगो वाकला होता, टेबलाखाली बघायचा तसा, आणि बोलत होता. भुवया वर जात होत्या, एक हात हवेत काहीतरी मोजत होता, मध्येच तो हसला, मध्येच त्याचे ओठ कुठल्याशा शब्दावर अडले आणि त्याने तो पुन्हा म्हटला. कायोंडोने मान पुढे काढली. डोळे बारीक केले. फाइलींच्या पोटात शिरणारे डोळे. त्यांना त्या ओठांवरचं एक अक्षर लागेना. नालोंगोला लागलं असतं. ती पलीकडे कोणाच्या तरी गळ्यात पडली होती. संध्याकाळी, उद्या, केव्हाही तिला विचारता आलं असतं, भाषणाच्या शेवटी तो काय म्हणत होता. ती केळं सोलता सोलता त्याला विचारून थोडक्यात सांगेल. आणि मग तीच विचारेल: पण ते तर तुझ्या फाइलीत असेल ना?

सालोंगोने एकदाही मशीनकडे बघितलं नाही.

आत्या किझ्झाला उठवत होती. झालं, चल, लोक थांबलेत, असं तिच्या कानात सांगत होती, दंडाला धरून ओढत होती. किझ्झा उठली नाही. चटईवर गुडघे टेकून, मान वर करून, ती बापाच्या तोंडाकडे बघत होती, आणि तो अजून बोलत होता.